मातीच्या भिंती आणि वाळवंटातला पाऊस

नमस्कार श्रोतेहो.

वाळवंटातली इमारत कशानं पडते, असं कुणी विचारलं तर आपण म्हणू ऊन, वारा, वाळू. मीही तसंच धरून चाललो होतो. पण अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळ जी जुनी स्पॅनिश मिशनं आहेत, त्यांना खाल्लं ते पावसानं. या सोनोरा वाळवंटात उन्हाळ्याच्या उत्तरार्धात आभाळ फाटल्यासारखा पाऊस येतो, आणि तिथले लोक त्याला चक्क 'मान्सून' म्हणतात.

मिशन म्हणजे नुसतं चर्च नव्हे. पाद्र्यांची घरं, कोठारं, शेतं, गुरं आणि भोवती ओओदम या मूळ रहिवाशांची वस्ती, असं ते अख्खं गावच. या भागात 1687 साली आला तो एउसेबियो फ्रान्सिस्को किनो हा जेझुइट या ख्रिस्ती संघाचा पाद्री. तरुणपणी मोठ्या दुखण्यातून उठल्यावर त्यानं संत फ्रान्सिस झेवियरचं नाव आपल्या नावात घेतलं. होय, ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे तेच झेवियर. किनोला जायचं होतं पूर्वेकडे, चीनला. पाठवला गेला मेक्सिकोला.

तुमाकाकोरी इथं तो 1691 साली पोचला. आज तिथं जे चर्च दिसतं ते मात्र पुष्कळ नंतरचं. जेझुइटांना स्पेनच्या राजानं 1767 साली हाकलल्यावर फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाचे पाद्री आले आणि 1800 च्या सुमारास त्यांनी हे बांधकाम काढलं. पैसा पुरेना. 1821 साली मिशनची 4000 गुरं विकली, तर घेणाऱ्यानं थोडे पैसे टेकवले आणि बाकीची उधारी रखडवली. घंटेच्या मनोऱ्यावरचा घुमट राहिला तो राहिलाच.

तिथली वीट भाजलेली नसते. माती, वाळू आणि गवताच्या काड्या कालवायच्या, साच्यात थापायच्या, उन्हात वाळवायच्या. ही ॲडोबी. वाळलेली असेतो दगडासारखी. तिच्यावर तांब्याभर पाणी ओता, कडा मऊ पडतात. ओतत राहा, पुन्हा चिखल. मराठवाड्यात माळवदाच्या घरात जे वाढले, त्यांना हे सांगायला नको. मृगाच्या आत वर पांढरी माती पडली नाही, तर खाली भांडी मांडून बसायची वेळ येते.

तुमाकाकोरीत ती माती टाकायला कुणी उरलं नाही. अपाचे टोळ्यांच्या धाडी आणि 1848 चा कडक हिवाळा, यांनी टेकीला येऊन शेवटची माणसं मूर्ती उचलून निघून गेली. मग छपराची लाकडं लोकांनी पळवली. पाद्र्यांनी सोनं पुरलंय या अफवेपायी जमिनी खणल्या. छप्पर गेलं की भिंतीच्या डोक्यावर पाणी मुरतं. खालून ओल चढते, तिच्याबरोबर क्षार येतात, आणि बुडाशी भिंत कुरतडल्यासारखी आत जाते. तुमाकाकोरीला 1908 साली राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, पुढं नवं छप्परही चढलं, म्हणून ते वाचलं. जवळच्या गेवावीत मात्र भिंतींची थोडी खुंटं आहेत. ठाऊक नसलेला माणूस वारूळ समजून पुढं जाईल.

हळहळ कुणासाठी, हाही प्रश्न आहे. या गावांत ओओदम लोकांना नवा देव मिळाला, गहू मिळाला, तसेच गोवर आणि देवीही मिळाल्या. 1751 साली त्यांनी उठाव केला तो उगाच नाही. पण त्या विटा थापल्या त्यांच्याच हातांनी, आणि मिशनच्या दफनभूमीत माणसंही त्यांचीच आहेत. त्यामुळे 'स्पॅनिश अवशेष' हे नाव मला अपुरं वाटतं.

डागडुजीचीही एक गोष्ट आहे. विसाव्या शतकात जुन्या भिंतींना सिमेंट फासलं गेलं. वरून भिंत ठणठणीत, आत पाणी कोंडलेलं. गोव्यात उलटं झालं. झेवियर जिथं आहेत त्या बॉम जेझू चर्चचा चुन्याचा गिलावा 1950 च्या दशकात काढून टाकला, आणि उघडा पडलेला जांभा तेव्हापासून पावसात झिजतोय.

तुमाकाकोरीहून उचललेल्या मूर्ती गेल्या सान झेवियर देल बाक इथं. टूसॉन शहराजवळचं हे पांढरंशुभ्र चर्च 1797 साली पुरं झालं, भाजक्या विटांचं. ओओदम लोक आजही तिथं प्रार्थनेला येतात. त्याच्याही अंगावर सिमेंट चढलं होतं. ते खरवडून आता पुन्हा चुना लावतात, आणि त्या चुन्यात फड्या निवडुंगाचा चिकट रस घालतात. आपल्याकडे गूळ आणि हिरडा घालायचे, तसाच.

नमस्कार.