शेजारच्या कंपनीत वेल्डरला तासाला किती देतात?

(पडद्यावर: सकाळची शिफ्ट, डबे घेऊन गेटातून आत जाणारी माणसं)

सरकारी वर्कशॉपमधल्या वेल्डरला पगार किती द्यायचा हे कोण ठरवणार आणि कशावरून? आपल्याकडे शेंबडं पोरगंही सांगेल, वेतन आयोग. मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमधला वेल्डर घ्या आणि विशाखापट्टणमच्या डॉकयार्डमधला घ्या, लेव्हल एक असेल आणि नोकरीची वर्षं सारखी असतील तर बेसिक एकच, फरक काय तो भत्त्यांत, जसं घरभाडे भत्ता मुंबई एक्स वर्गातलं शहर म्हणून ३० टक्के आणि विशाखापट्टणम वाय वर्गातलं म्हणून २० टक्के. डॉकयार्डच्या भिंतीपलीकडे खाजगी कंपनी वेल्डरला काय देते हे त्या हिशोबात कुठेच नाही.

अमेरिकेत मात्र केंद्र सरकारच्या कामगारांसाठी नेमका हाच प्रश्न विचारला जातो, भिंतीपलीकडे काय देतात? आणि तो विचारायला माणसं खरोखर गेटवर जातात.

एक गोष्ट आधीच क्लिअर करूया, हे तिथल्या सगळ्या सरकारी लोकांबद्दल नाहीये. ऑफिसात बसणाऱ्यांची सिस्टीम वेगळी, त्यांचा पगार वर्षाचा. आपण बोलतोय ते हाताने काम करणाऱ्यांबद्दल, म्हणजे मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, पेंटर, फोर्कलिफ्टवाले, साफसफाईवाले. यांचा पगार तासावर ठरतो. देशभरात असे दीड-दोन लाख लोक आहेत आणि त्यातले बरेचसे लष्कराच्या, नौदलाच्या, हवाई दलाच्या डेपोंमध्ये.

(पडद्यावर: जुनी गोदी, लाकडी जहाजाचा सांगाडा)

ही कल्पना आजची नाही हं. १८६१-६२, तिथे यादवी युद्ध पेटलेलं, नौदलाला जहाजं हवीत आणि ती बांधणारे कारागीर हवेत, त्याच काळात काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा केला की नौदलाच्या गोदीतली मजुरी त्याच परिसरातल्या खाजगी कारखान्यांच्या मजुरीला धरून असावी. सरळ व्यवहार आहे, शेजारचा जास्त देत असेल तर सुतार तिकडे जाणार, आणि सरकारने विनाकारण जास्त दिलं तर शेजारचा बोंबलणार.

पण पुढची शंभर वर्षं झालं काय, तर प्रत्येक खातं आपापलं बघायचं. एकाच शहरात लष्कराचा मेकॅनिक एका रेटवर आणि नौदलाचा दुसऱ्याच रेटवर, काम तेच, पाना तोच! १९६५ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी सांगितलं की हे एकत्र आणा, १९६८ मध्ये सगळ्या खात्यांची मिळून एक व्यवस्था उभी राहिली आणि १९७२ मध्ये निक्सन यांच्या सहीने त्याचा कायदा झाला. नाव फेडरल वेज सिस्टीम.

आता सर्वे कसा होतो ते बघू, मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला भारी भाग हाच आहे.

देशाचे पगारासाठी एरिया पाडलेत, शंभराच्या वर. प्रत्येक एरियात तीन जणांची लोकल कमिटी बसते, एक अध्यक्ष, एक मॅनेजमेंटचा आणि एक युनियनचा. युनियन कुठली, तर त्या एरियात जिचे कामगार सगळ्यात जास्त ती. सर्वेच्या आधी ही कमिटी सुनावणी घेते, तिथे येऊन बोलता येतं की बाबांनो अमुक कंपनी धरा, तमुक काम यादीत घ्या. दर दोन वर्षांनी पूर्ण सर्वे, आणि मधल्या वर्षी फक्त आधीच्याच कंपन्यांकडे रेट किती बदलला त्याची चौकशी.

डेटा गोळा करायला जातात ते जोडीने. एक मॅनेजमेंटने दिलेला, एक युनियनने दिलेला, दोघंही सरकारी नोकरच, काही दिवस आपलं रोजचं काम बाजूला ठेवून फाइल घेऊन निघालेले. यातली गंमत लक्षात घ्या, युनियनचा माणूस जो रेट विचारतोय त्यावर उद्या त्याच्याच सोबत्यांचा पगार ठरणारे, कदाचित त्याचा स्वतःचाही. म्हणून तर शेजारी दुसऱ्या बाजूचा माणूस बसवलाय!

साधारण ५० किंवा जास्त कामगार असलेल्या खाजगी कंपन्या धरतात. आणि कंपनीवर सक्ती नाही बरं का, एचआरवाला म्हणाला जमणार नाही तर विषय संपला, हे दोघं थँक्यू म्हणून परत. म्हणून मग आधीच वचन द्यावं लागतं की तुमच्या कंपनीचे आकडे कुणाला कळणार नाहीत.

(पडद्यावर: टेबल, दोन खुर्च्या एका बाजूला, एक समोर, मधे फॉर्म)

आत गेल्यावर ते "तुमच्याकडे मेंटेनन्स टेक्निशियन आहे का" असं विचारत नाहीत, कारण पदाच्या नावावर काय जातंय, एका कंपनीत टेक्निशियन म्हणजे बल्ब बदलणारा आणि दुसरीकडे तोच शब्द अख्खं पॅनेल उघडून दुरुस्त करणाऱ्याला. त्यांच्याकडे ठरलेल्या कामांची वर्णनं असतात, हा माणूस काय करतो, ड्रॉइंग वाचतो का, किती बारीक मापात काम करतो, कुणाच्या देखरेखीखाली करतो. ते वर्णन समोरच्याला वाचून दाखवायचं आणि विचारायचं, असं काम करणारे तुमच्याकडे किती आणि तासाचा रेट काय. ओव्हरटाइम धरायचा नाही, साधा रेट. काम जुळलं नाही तर आकडा कितीही छान असो, घ्यायचा नाही. इथेच खरी खेचाखेची होत असणार असं मला वाटतं, कारण एकाला वाटणार जुळतंय आणि दुसऱ्याला वाटणार कुठे जुळतंय, आणि समोरचा एचआरवाला घड्याळाकडे बघतोय.

मग सगळे आकडे एकत्र करून ग्रेडप्रमाणे एक रेषा काढतात. ग्रेड १ ते १५. साफसफाईवाला खालच्या ग्रेडला, पूर्ण शिकलेला इलेक्ट्रिशियन किंवा मशिनिस्ट साधारण ग्रेड १० ला. प्रत्येक ग्रेडला पाच पायऱ्या आणि बाजाराचा रेट म्हणजे दुसरी पायरी. नवा माणूस ९६ टक्क्यांवर लागतो, २६ आठवड्यांनी १०० वर येतो आणि वर्षं गेली की पाचव्या पायरीवर ११२. यावर जुनी टीका आहे की बाजाराशी बरोबरी म्हणता आणि जुन्या माणसाला बाजाराच्या वर नेता, हे कसं? युनियनचं म्हणणं, बाहेरही जुन्या माणसाला जास्तच मिळतं की.

आणि जिथे शेजारच नाही तिथे? हवाई दलाचा प्रचंड डेपो आहे पण आसपास विमानं दुरुस्त करणारी मोठी खाजगी कंपनीच नाही, मग तुलना कुणाशी करणार? ओक्लाहोमा सिटीला टिंकर नावाचा असाच अवाढव्य तळ आहे. तिथले सिनेटर मनरोनी यांनी १९६८ मध्ये दुरुस्ती आणली, की गावात जोड नसेल तर तसं काम जिथे चालतं त्या दुसऱ्या एरियाचे आकडे आणा. म्हणजे "लोकल" रेट, पण परगावचा!

आता जरा कडू भाग. एवढी पायपीट करून रेट काढला की तो मिळतो का? बहुतेक वेळा पूर्ण नाही. १९७९ च्या आर्थिक वर्षापासून काँग्रेस बजेटमध्येच झाकण बसवते, की ऑफिसवाल्यांना जेवढी वाढ त्याहून जास्त या लोकांना नाही. सर्वे काहीही म्हणो. नंतर खालूनही आधार दिला, ऑफिसवाल्यांना मिळाली तेवढी वाढ यांनाही मिळणारच. म्हणजे वरून झाकण आणि खालून टेकू, दोन्ही एकाच उंचीला, आणि मधे तो सर्वे. अरे मग त्या दोघांना गेटवर पाठवता कशाला?

(पडद्यावर: टेकड्या, झाडी, लष्करी डेपोची पाटी)

पेन्सिल्व्हेनियातलं टोबीहॅना. लष्कराची रडार, रेडिओ, असली इलेक्ट्रॉनिक उपकरणं इथे दुरुस्त होतात. एकच आवार, पण आत टेबलावर बसणाऱ्यांचा पगार न्यूयॉर्क एरियाच्या हिशोबाने लागायचा आणि वर्कशॉपमधल्या तासवाल्यांचा स्क्रँटन आणि विल्क्स-बॅरीच्या. पार्किंग एक, गेट एक, घरभाडं आणि किराणाही एकच, पण पगाराच्या नकाशात दोघं वेगवेगळ्या गावचे. कामगार वर्षानुवर्षं हेच सांगत होते. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये केंद्राच्या कार्मिक कार्यालयाने नियम काढला की कामगारांच्या एरियाच्या सीमा ऑफिसवाल्यांच्या सीमांशी जुळवून घ्यायच्या, आणि टोबीहॅना न्यूयॉर्कच्या बाजूला आलं.

झाकण मात्र काढलं नाही.