अर्ध्या तासाचं पाणी

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना 'परदेश प्रवासाचे अनुभवी' असं म्हटलं. तसं काही नाही. मी पाटबंधाऱ्याच्या कामातून निवृत्त झालेला माणूस. लेक आणि जावई मस्कतला असतात. जानेवारीत तीन आठवडे त्यांच्याकडे होतो आणि त्यातले चार दिवस अल हमराला काढले. आज बोलायचंय ते त्या चार दिवसांबद्दल. बाकीच्या दिवसांत मी नातवाबरोबर मॉलमध्ये फिरलो, त्यावर व्याख्यान होत नाही.

अल हमरा हे ओमानच्या आतल्या भागातलं, दाखिलिया प्रांतातलं छोटं गाव. मस्कतहून निझवा आणि निझव्याहून पुढं हमरा, गाडीनं दोन-अडीच तास. रस्ता असा की पोटातलं पाणी हलत नाही. जावई म्हणाले, "बाबा, 1970 साली या अख्ख्या देशात डांबरी रस्ता होता दहा किलोमीटर, आणि शाळा तीन." सुलतान काबूस त्या वर्षी गादीवर आले आणि 2020 मध्ये गेले. मधल्या पन्नास वर्षांत जे झालं ते खिडकीतून दिसत होतं. गावाच्या मागं जबल शम्स उभा आहे, ओमानचा सगळ्यात उंच डोंगर, तीन हजार मीटरच्या आसपास. नुसता उघडा खडक. गवताची काडी नाही. आणि त्याच्या पायथ्याशी एकदम खजुराचं गर्द हिरवं बन. आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, इथं पाऊस कुठं पडतो हो?" प्रश्न बरोबर होता. ओमानच्या बऱ्याच भागात वर्षाला 100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आमच्या साक्रीला आपण दुष्काळी म्हणतो, तिथं याच्या चारपट तरी पडतो.

हमरा म्हणजे तांबडी. स्पेनमधल्या अलहम्ब्राच्या नावातही हाच शब्द आहे. जुनं गावठाण मातीच्या विटांचं, दोन-तीन मजली घरं, माळवदाला खजुराची खोडं. चारशे वर्षांपूर्वीची वस्ती सांगतात, म्हणजे तेव्हा ओमानवर राज्य करणाऱ्या यारुबी इमामांच्या काळातली. याच यारुब्यांनी 1650 मध्ये पोर्तुगीजांना मस्कतमधून घालवलं, हे वसई-चौलच्या लोकांनी लक्षात ठेवायला हरकत नाही. घरं उतरत्या कातळावर बांधली आहेत. पहिल्या दिवशी मला वाटलं, देखाव्यासाठी. नंतर कळलं की माती शेतीला ठेवली आणि घरं कातळावर चढवली. आपण आता नेमकं उलटं करतो. काळ्या जमिनीवर प्लॉट पाडतो. असो, तो विषय काढला तर इथंच रात्र होईल.

जुन्या गावठाणात आता माणूस फारसा राहत नाही. रस्ता आला, वीज आली, तशी मंडळी खाली सिमेंटच्या घरांत गेली. एका जुन्या वाड्याचं 'बैत अल सफाह' नावाचं संग्रहालय केलंय. तिथं बायका तव्यावर पापडासारखी पातळ भाकरी करून दाखवतात, कॉफी भाजून दाखवतात. छान आहे. पण मला ते बघून जरा उदास वाटलं. पर्यटक ढासळत्या भिंतींचे फोटो काढत होते, आणि मी मात्र पायाखाली बघत होतो. कारण गल्लीच्या कडेनं एक दीड हात रुंद, चुन्यानं गिलावा केलेला पाट वाहत होता. स्वच्छ, संथ, आवाज जेमतेम. घरं पडायला आली होती आणि पाट चालू होता. चाळीस वर्षांच्या सवयीनं मी गुडघ्यावर बसलो आणि पाण्यात हात घातला. जावयांना वाटलं, सासऱ्यांना चक्कर आली.

त्या पाटाला म्हणतात फलज. अनेकवचन अफलाज. या शब्दाचा अर्थ कालवा असेल असं मला वाटलं होतं. तसा नाही. अरबीत त्या धातूचा अर्थ विभागणं, वाटे पाडणं. म्हणजे नावातच वाटणी आहे, पाणी नंतर. ओमानमध्ये सुमारे 3000 फलज आजही चालू आहेत. त्यातल्या पाचांना युनेस्कोनं 2006 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. हमऱ्याचा त्यात नाही. त्याचं तिथं कुणाला काही वाटत नाही.

फलज तीन प्रकारचे. ओढ्याचं पाणी वळवून आणलेला तो घैली, झऱ्यावरचा तो ऐनी, आणि जमिनीखालून बोगदा खणून भूजल बाहेर आणतात तो दाऊदी. दाऊदी सगळ्यात अवघड. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर घ्यायची, तिला 'उम्म अल फलज' म्हणतात, फलजची आई. तिथून गावाकडं अगदी हलक्या उताराचा बोगदा. हवेला आणि माती काढायला मधे मधे आडासारखी भोकं. जमिनीचा उतार जास्त आणि बोगद्याचा कमी, त्यामुळं काही किलोमीटरांवर पाणी आपोआप उजेडात येतं. मोट नाही, पंप नाही. दोष फक्त उतारात होऊ शकतो, आणि तो झाला तर बोगदा वाहून तरी जातो नाहीतर गाळानं तरी भरतो. लोककथा अशी की दाऊदचा मुलगा सुलेमान उडत्या आसनावरून ओमानात आला, त्याला कोरडा मुलूख दिसला आणि त्यानं जिन्नांकडून दहा दिवसांत दहा हजार फलज खणून घेतले. आमच्या खात्यात असे दहा जिन्न असते तरी पुरे होते. आपल्याकडं मलिक अंबरनं खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, नहर खणली ती याच कुळातली.

पण बांधकामाचं कौतुक पुष्कळ लोक करतात. मी थांबलो तो हिशोबावर.

पाणी उजेडात येतं त्या जागेला म्हणतात शरीआ. आपण शरियत म्हणतो तोच शब्द. अरबीत मूळ अर्थ पाणवठ्याकडं जाणारी वाट असाही सांगतात. तिथं प्यायचं पाणी भरायचं, कुणीही, फुकट. वाटसरूनंही. त्याच्या खाली मशीद. त्याच्या खाली अंघोळीच्या जागा, बायांची वेगळी, बाप्यांची वेगळी. मग शेती. इथपर्यंत पाणी सगळ्यांचं. शेतीपासून पुढं पाणी मालकीचं होतं, आणि मालकी मोजतात ती वेळेत. लिटरमध्ये नाही, एकरातही नाही. एकक आहे 'अथर', म्हणजे साधारण अर्धा तास. चोवीस अथरांची एक 'बद्दा', म्हणजे बारा तास. कुणाचे दोन अथर, कुणाचा अर्धाच. पाळी आठ-दहा दिवसांनी फिरून येते, कुठं पंधरा. अरबी अथर म्हणजे खूण, ठसा, परिणाम. उर्दूवाटे आपल्याकडं आलेला 'असर' तो हाच.

पूर्वी दिवसा एक खांब रोवून त्याच्या सावलीवर अथर मोजत. रात्री ताऱ्यांवर. अमुक तारा डोंगराच्या कडेवर आला की तुझं पाणी संपलं. मला एक म्हातारबाबा भेटले, नव्वदीकडं झुकलेले, खजुराच्या काठीवर रेललेले. त्यांना तारे येत होते. आता येऊन उपयोग नाही म्हणाले, गावात दिवे फार झालेत, तारे बघायला गाडी घेऊन लांब जावं लागतं.

आणि कारभारी कोण, ऐका. फलजच्या मुख्याला म्हणतात 'वकील'. त्याचा मदतनीस तो 'अरीफ', पाळ्या तोच लावतो. पैसा गोळा करणारा 'काबिद', आपल्या 'कब्जा'चा सख्खा भाऊ. आणि लिलाव पुकारणारा तो 'दलाल'. लिलाव कशाचा? फलजच्या स्वतःच्या नावावर काही अथर असतात. ते पाणी लिलावात विकतात आणि आलेल्या पैशातून गाळ काढतात, दुरुस्ती करतात. मशिदीच्या नावाचेही अथर असतात. म्हणजे पाटाची डागडुजी पाटच स्वतःच्या कमाईतून करतो. मी नोकरीत असताना पाणीपट्टीची थकबाकी वसूल करायला गावोगाव हिंडलोय, त्यामुळं हे ऐकून मला किती बरं वाटलं आणि किती वाईट वाटलं, तुम्ही समजू शकता. हे सगळे शब्द आपण शेकडो वर्षं बोलतोय, वकील, दलाल, हिशोब, मालक. फक्त आपले वकील आणि दलाल पाण्यापाशी सापडत नाहीत.

दुष्काळाचीही सोय आहे. खजूर वरच्या अंगाला, ज्वारी, गहू, लसूणघास खालच्या अंगाला. पाणी आटलं की खालचे वाफे पडीक टाकायचे आणि झाडं जगवायची. खजुराचं झाड मेलं तर नवं उभं राहून चांगलं फळायला वर्षं जातात.

दुसऱ्या दिवशी वरच्या मिस्फातला गेलो. पूर्ण नाव मिस्फात अल अब्रियीन, अब्री टोळीची मिस्फात. हमराही त्यांचीच. गाडीनं पंधरा मिनिटं, उंची हजार मीटरच्या आसपास. दगडी घरं, खाली पायऱ्यापायऱ्यांची शेतं, केळी, डाळिंबं, लिंबं. 2021 मध्ये जागतिक पर्यटन संघटनेनं निवडलेल्या उत्तम खेड्यांत याचं नाव आलं, त्यामुळं गर्दी आहे, आणि अंगभर कपडे घालून या, अशी पाटीही आहे. ती पाटी मला आवडली. खेडं म्हणजे कुणाचं तरी घर असतं.

तिथं एका वाफ्यात एक तरुण दारं धरत होता. मी बांधावरून बघत राहिलो. पाटाच्या तोंडात चिंधी गुंडाळलेला दगड. तो काढला की पाणी आत, बसवला की बंद. आमच्याकडं फावड्यानं मातीचं दारं मोडतात, तेवढाच फरक. त्याच्याशी हिंदीत बोललो. तो बांगलादेशी निघाला. मालक मस्कतला नोकरीला, शुक्रवारी येतो. मी विचारलं, "हे पाणी कुणाचं?" त्यानं खिशातून मोबाईल काढून वेळ बघितली आणि म्हणाला, "साडेचारपर्यंत आमच्या शेटचं." शेट! मग साडेचारला त्यानं दगड बसवला, चिखलाचे पाय धुतले आणि वरच्या वाफ्यात दुसऱ्या मालकाचा दगड काढायला गेला. तोही बगीचा त्याच्याकडंच होता. बाराशे-पंधराशे वर्षांची पद्धत, कदाचित जास्तच जुनी, आणि आज ती ज्याच्या हातात आहे त्याच्या नावावर अर्धा अथरसुद्धा नाही. याबद्दल मला मत द्यायचं नाही. आपल्याकडं ऊसतोड कोण करतं, ते आपल्याला माहीत आहे.

एक गोष्ट बायकांसाठी मुद्दाम सांगतो. निझव्याच्या बाजारात सौ. खारकांच्या पोत्यांपाशी अडकल्या. ओमानात 'मबसली' नावाचा खजूर आहे. तो पिवळा, कच्चा असतानाच उन्हाळ्यात मोठ्या कढयांत उकळतात, उन्हात वाळवतात आणि पिढ्यान्‌पिढ्या भारतात पाठवतात. ओटीत हळकुंड, सुपारी, बदामाबरोबर आपण खारीक घालतो ना, तिच्यातली पुष्कळशी या फलजच्या पाण्यावर वाढलेली. दुकानदारानं सुट्टे परत दिले ते 'बैसा'त. एका रियालाचे हजार बैसे. बैसा म्हणजे आपला पैसा. 1970 पर्यंत तिथं रुपयाच चालत होता.

आता शेवटच्या संध्याकाळचं सांगतो. ते म्हातारबाबा, त्यांनी आम्हाला घरी बोलावलं. तिथल्या बैठकीला सब्ला म्हणतात, आपली चावडी समजा. चपला बाहेर. आधी खजूर, मग वेलचीची बिनसाखरेची कॉफी, कानापेक्षा लहान पेल्यात. जावयांनी मोटारीतच बजावलं होतं: उजव्या हातानं घ्या, आणि पुरे झालं की पेला थोडा हलवून परत द्या. नाही हलवला तर ते भरतच राहतात.

बाबांनी आधी घरदार, गुरंढोरं, पाऊसपाणी सगळं विचारलं. मग म्हणाले, "तू पाण्याचा माणूस ना? तुमच्याकडं कसं वाटता?" जावई अरबीत सांगत होते. मी धडाडून सुरू झालो. आमच्या पांझरा, मोसम, आरम नद्यांवरची फड पद्धत सांगितली. नदीवर बंधारा, पाट, गावच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडलेले, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी पाटकरी देतो, कुणी शेतकऱ्यानं स्वतः दाऱ्याला हात लावायचा नाही. वर देखरेखीला हवालदार. हवालदार म्हटल्यावर बाबा खूश झाले, त्यातला 'हवाला' त्यांच्याच भाषेतला. पाणी कमी आलं तर फड कमी करायचे, पण करायचे सगळ्यांचे. तीनशे-चारशे वर्षं चाललं. बाबा मान डोलावत होते, पेला भरत होते.

मग त्यांनी विचारलं, "आता पाळी कितव्या दिवशी येते?"

जावयांनी भाषांतर केलं आणि माझ्याकडं बघितलं. आता बऱ्याच ठिकाणी पाळी येत नाही. वर धरणं झाली, काठानं विहिरी झाल्या, बंधाऱ्यात पाणीच पोचेना. त्यातल्या एका धरणाच्या सर्व्हेला दुर्बीण लावून मी स्वतः उभा होतो, सत्तावीस वर्षांचा, नव्या बुटांत. खालच्या फडांचं काय होईल, हे त्या नकाशावर कुठं लिहिलेलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. एवढं सगळं मी सांगितलं. जावयांनी किती सांगितलं, मला माहीत नाही.

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी कॉफीचं भांडं उचललं आणि परत माझा पेला भरला. दोन घोट झाले, परत भरला. पाचव्या-सहाव्या वेळी सौंनी मला कोपरानं ढोसलं, तेव्हा लक्षात आलं की मी पेला हलवायचाच विसरलो होतो.