ख्रिस्ताला धरून कर्मठपणा सोडता येतो का?

नमस्कार, जय ख्रिस्त.

चर्चच्या तरुण संघातली मुलंमुली मला उपासनेनंतर गेटपाशी गाठून हळू आवाजात विचारतात, ‘ताई, माझा मित्र समलिंगी आहे, पण मला तो पापी वाटत नाही. बहिणीनं हिंदू मुलाशी लग्न केलं तर मला आनंदच होईल. मग मी ख्रिस्ती उरले का?’ माझं उत्तर, हो, पूर्णपणे. आज ते नीट मांडते, कारण ‘बायबल वाच, कळेल’ एवढ्यावर या मुलांची बोळवण करणं मला अन्यायाचं वाटतं.

मी पुण्यातल्या एका कडक फेलोशिपमध्ये, म्हणजे छोट्या ख्रिस्ती मंडळीत, वाढले. टिकली नाही, सिनेमा नाही आणि गणपतीत शेजारचा प्रसाद नाही. शेजारच्या काकू स्टीलच्या ताटलीत पाच उकडीचे मोदक, वर विणलेला रुमाल, अशा दारात यायच्या. आई हसून ताटली घ्यायची, रिकामी परत देऊ नये म्हणून तिच्यात साखर घालायची, आणि मोदक जायचे खाली वॉचमनकडे. याच पुण्यात 1890 साली पंचहौद मिशनमध्ये चहाला गेले म्हणून रानडे, टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, झालं होतं. तेव्हा ख्रिस्ती घरचा चहा चालत नव्हता, आमच्या घरी हिंदू घरचा मोदक चालत नव्हता.

बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रात, 8व्या आणि 10व्या अध्यायात, प्रेषित पौल नेमका हाच प्रश्न हाताळतो: मूर्तीला वाहिलेलं अन्न खावं का? मूर्ती म्हणजे काहीच नाही, असं तो म्हणतो. तुमच्या खाण्यानं दुसऱ्याच्या मनाला ठेच लागत असेल तर खाऊ नका, असंही म्हणतो. एका वाक्यात हातावेगळा करत नाही. आम्हाला मात्र थेट निकालच पाठ करायला लावला.

मी फेलोशिप सोडली ती मोदकावरून नाही. माझ्या मामेबहिणीनं 1954च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं. नवरा हिंदू, दोघांनीही धर्म बदलला नाही. पुढच्या प्रभुभोजनाला, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला, द्राक्षरसाच्या इवल्या ग्लासांचा ट्रे आमच्या रांगेत आला. वाटणाऱ्यानं तो तिच्यापुढून उचलला आणि थेट माझ्यासमोर धरला. मी घेतला नाही. आणि त्या रविवारची विशेष प्रार्थना कशासाठी होती? इतर राज्यांतल्या धर्मांतरविरोधी कायद्यांतून आपल्या लोकांची सुटका व्हावी म्हणून.

इथे थांबा जरा, कारण माझं सगळं म्हणणं इथेच आहे. ओडिशात असा कायदा 1967 साली आला, मध्य प्रदेशात 1968 साली. सर्वोच्च न्यायालयानं 1977 साली ते दोन्ही वैध ठरवले. तेव्हापासून आपण घटनेचं 25वं कलम छातीशी धरून सांगतो की सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य हवं, सरकारनं माणसाच्या मनात शिरू नये. बरोबरच आहे ते. मग घरातल्या मुलीच्या मनात शिरायचा परवाना पाळकांना आणि वडिलांना कुणी दिला? समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या 377व्या कलमाचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला तेव्हा विरोध करायला उभ्या राहिलेल्यांत काही ख्रिस्ती संघटनाही होत्या. 6 सप्टेंबर 2018ला निकाल लागला, संमतीनं एकत्र येणारी प्रौढ माणसं गुन्हेगार राहिली नाहीत. त्या दिवशी आपल्या चर्चमध्ये आनंदाची उपासना व्हायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

‘पण शास्त्रात लिहिलंय’ असं लगेच म्हणाल. इफिसकरांस पत्राच्या 6व्या अध्यायात दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावं, असंही लिहिलंय. अमेरिकेत गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी म्हणून पाठवायचं की नाही, यावरून 1845 साली बाप्टिस्ट मंडळ्या दुभंगल्या आणि सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन उभं राहिलं. त्यांनी त्याबद्दल माफी मागितली 1995 साली. आज पुण्यातला कुठलाही पाळक त्या वचनावरून गुलामगिरीचं समर्थन करणार नाही. म्हणजे वचन कसं वाचायचं हे आपण ठरवतोच. बायकांचा विषय निघाला की मात्र अक्षर अन् अक्षर दगडावर कोरलेलं असतं.

आणि हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे म्हणणाऱ्यांनी एकदा केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, जाऊन यावं. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, अशी बिशपांची हरकत होती. रमाबाई गप्प बसल्या नाहीत. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टानं सुटलेय, आता दुसऱ्याच्या जोखडाखाली मान देणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी पत्रातून बजावलं. त्याच बाईंनी पुढे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. त्या आजच्या अर्थानं उदारमतवादी होत्या असं मी म्हणणार नाही. 1905 साली मुक्ती मिशनमध्ये जे संजीवन, म्हणजे श्रद्धेची मोठी जागृती, झालं, त्याचा वारसा आजच्या अनेक कर्मठ फेलोशिपही सांगतात. म्हणूनच मला त्या महत्त्वाच्या वाटतात. त्यांची श्रद्धा धगधगती होती आणि मान ताठ होती.

आता दुसऱ्या बाजूचं थोडक्यात. पुण्यातले माझे पुरोगामी मित्र म्हणतात, एवढं सोडलंस तर ख्रिस्तही सोड. नाही सोडणार. नासरेथच्या सभास्थानात येशूनं जे वाचून दाखवलं, दीनांना सुवार्ता, बंदिवानांची सुटका, ते लूकच्या 4थ्या अध्यायात आहे. माझं राजकारण तिथून आलंय. मतदानाला जाताना मी ते बाहेर ठेवून जात नाही.

त्याच वचनानं आपल्याच माणसांनाही जाब विचारावा लागतो. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर राहिले. त्यासाठी आपण मोर्चे काढतो, काढायलाच हवेत. पण स्थळ बघताना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न पाळकाच्या घरीही विचारला जातो.

घरी हा विषय काढायचा असेल तर बायकांनी शिकवू नये असं सांगणाऱ्या तीमथ्याच्या पहिल्या पत्रापासून सुरुवात करू नका, तिथे भांडणच होईल. प्रेषितांची कृत्ये, 18वा अध्याय उघडा. अपुल्लो या उपदेशकाला बाजूला घेऊन शिकवणाऱ्या दोघांत प्रिस्किल्ला आहे, एक बाई. आईला तो भाग मोठ्यानं वाचायला सांगा. आणि तुम्ही अठरा वर्षांच्या आत असाल, घरात मारहाण होत असेल किंवा बाहेर काढण्याची धमकी असेल, तर ही चर्चा आत्ता करू नका. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, विश्वासातल्या एखाद्या मोठ्या माणसाला सांगा. वाद नंतरही घालता येईल.