दुसऱ्या बांधणीसाठी वेळ ठेवा

शिक्षकमित्रहो, मुलांचा यंत्र बनवण्याचा प्रकल्प आठ आठवड्यांचा असेल तर पहिली बांधणी, म्हणजे यंत्राचा पहिला नमुना, चौथ्या आठवड्याअखेर उभी राहिलीच पाहिजे. वेडीवाकडी चालेल. ती बिघडते तेव्हा शिकणं सुरू होतं, आणि नेमके तेव्हाच बहुतेक गटांच्या हाती दिवस उरलेले नसतात.

सर्व्हो मोटरवर (सांगितलेल्या कोनात वळून थांबणारी छोटी मोटर) चालणारा यांत्रिक हात घ्या. ‘वस्तू उचलणारा हात’ एवढंच लिहिलं तर तपासायचं काय? ‘१०० ग्रॅम वजन २० वेळा उचलायचं, त्यात किमान १८ वेळा ते न पडता उचललं गेलं पाहिजे’ असं लिहून घ्या.

मग हिशेब. हात १२ सेंटिमीटर, टोकाला १०० ग्रॅम. टॉर्क, म्हणजे मोटरला लावावा लागणारा फिरवण्याचा जोर, झाला १.२ किलोग्रॅम-सेंटिमीटर. हाताचं स्वतःचं ४० ग्रॅम वजन मध्यावर, ६ सेंटिमीटरवर धरलं की आणखी ०.२४. एकूण १.४४. एसजी-९० या छोट्या सर्व्होच्या माहितीपत्रकात ४.८ व्होल्टला १.८ हा आकडा दिसतो आणि मुलं निर्धास्त होतात. पण मोटर अडून थांबते तेव्हाचा तो आकडा आहे! कामासाठी निम्मा धरा, ०.९. म्हणजे १.४४ झेपणार नाही. हात ६ सेंटिमीटरचा आणि २० ग्रॅमचा केला तर ०.६६ लागतो, बसतं.

एवढं करूनही हात हलला की बोर्ड (मोटरला आज्ञा देणारा छोटा संगणक) रीसेट होतो. मुलं प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. बहुधा मोटरला वीज बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनवरून दिलेली असते; सुरू होताना ती एकदम जास्त प्रवाह ओढते आणि व्होल्टेज खाली बसतं. मोटरला वेगळा पुरवठा द्या: १.२ व्होल्टचे चार रिचार्जेबल सेल. बोर्ड आणि हा पुरवठा यांचे ग्राउंड (उणे बाजूच्या तारा) एकमेकांना जोडायला विसरलात तर हात नुसता थरथरेल. मोटरजवळ पुरवठ्याच्या तारांवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून गरजेला लगेच देणारा भाग) लावा. अधिक-उणे नीट बघून, कारण उलटा लागला तर तो फुटूही शकतो.

आता नोकरीच्या तयारीबद्दल. त्यासाठी वेगळा तास घेण्याची गरज मला वाटत नाही; ती याच प्रकल्पात नोंदी ठेवून होते. नोंदवहीत तारीख, काय बदललं, का बदललं, आधीचं आणि नंतरचं माप. एका वेळी एकच बदल. शंभरपैकी ४० गुण या वहीला द्या, हात चालण्याला २० पुरेत. गटातली कामं दर दोन आठवड्यांनी मुलांमध्ये फिरवा, नाहीतर अक्षर चांगलं असलेलं मूल आठही आठवडे तक्तेच रंगवत बसतं.

पाचव्या आठवड्यात एका गटाचं रेखाचित्र दुसऱ्या गटाला द्या आणि न विचारता जोडायला सांगा. ३ मिलिमीटरचा स्क्रू, रेखाचित्रात भोकही ३ मिलिमीटरचं, आणि थ्रीडी प्रिंटरवर ते थोडं लहानच आलेलं! स्क्रू आत जात नाही. रेखाचित्र काढणाऱ्या गटाने ते तिथेच उभं राहून बघावं, मग वहीत ३.३ लिहावं.