धडधडत्या हृदयाला टाके घालताना त्याला रक्त कुठून मिळतं?

नमस्कार. ही माझ्या हातात बॉलपेनची रिफिल आहे. बायपासमध्ये, म्हणजे अडलेल्या धमनीच्या पुढे रक्ताला नवी वाट जोडताना, हृदयाच्या ज्या धमनीला टाके घालतात ती हिच्याहून बारीक, साधारण दीड-दोन मिलिमीटरची. आणि हे काम हृदय चालू असताना करायचं!

आधी एक दुरुस्ती. बायपासला आपण सर्रास ‘ओपन हार्ट’ म्हणतो, पण उघडतात ती छाती. धमन्या हृदयाच्या बाहेरच्या अंगाला असतात, म्हणून ते न थांबवताही जमतं. लेनिनग्राडमध्ये सर्जन वासिली कोलेसोव्ह यांनी १९६४ सालीच ते करून दाखवलं.

हलण्यावर उपाय आहे. ‘ऑक्टोपस’ नावाचं उपकरण चोषकांनी तेवढाच भाग धरून ठेवतं.

खरी पंचाईत रक्ताची. धमनी उघडायची तर तिथलं रक्त अडवावं लागतं. आणि हृदयाचा स्नायू भलता खादाड! मिळालेल्या रक्तातला सत्तरेक टक्के ऑक्सिजन तो एरवीही काढून घेतो. पुरवठा तुटला की काही ठोक्यांतच त्याचा जोर ओसरतो.

म्हणून शंट. सिलिकॉनची इवलीशी नळी, दोन्ही टोकं किंचित फुगीर. चिरेतून ती धमनीत सरकवली की रक्त तिच्यातून पुढे जात राहतं. सर्जन तिच्याभोवती टाके घालतात, सुईही मागच्या भिंतीत घुसत नाही. नळीला बांधलेला दोरा बाहेर लोंबत असतो. शेवटची गाठ आवळण्याआधी तो ओढून नळी काढून घ्यायची. काही सर्जन मात्र शंट न वापरता, धमनी थोडा वेळ बंद ठेवूनच काम उरकतात.

मला सगळ्यात आवडतो तो टाक्यांचा क्रम. छातीच्या आतली धमनी बहुतेकदा हृदयाच्या पुढच्या मोठ्या धमनीला, एलएडीला, आधी जोडतात. कारण मागच्या धमन्यांसाठी हृदय उचलून वळवावं लागतं आणि बीपी पडतं. तोवर पुढच्या भिंतीला नवं रक्त सुरू झालेलं असतं. मग भूलतज्ज्ञ टेबल डोक्याकडून खाली करतात, पायांतलं रक्त हृदयाकडे उतरतं. तरी सावरलं नाही, तर हृदय परत जागेवर ठेवून थांबायचं. हृदय-फुप्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन हाताशी असतंच.

‘मशीनशिवाय, म्हणून सुरक्षित’ अशी जाहिरात दिसली तर जरा दमानं घ्या. २०१२ साली ‘कोरोनरी’ नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यातल्या ४,७५२ रुग्णांमध्ये पहिल्या तीस दिवसांत मृत्यू, पक्षाघात, हार्ट अटॅक आणि किडनी निकामी होणं एकत्र धरलं, तर मशीन लावून आणि मशीनशिवाय, या दोन्ही पद्धतींत ठळक फरक दिसला नाही. सर्जनना विचारायचंच असेल तर हे विचारा: डॉक्टर, तुमचा हात कशावर बसलाय?