पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी

(लातूरला एका वाचक मंडळात झालेलं भाषण, थोडं सावरून लिहिलेलं)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर माझ्या भाषणाचं नाव "सतराव्या शतकातील युद्धखेळासाठी लघुपुतळ्यांची निवड" असं छापलंय, ते संयोजकांनी दिलंय, मी नाही. आमच्या घरात यांना बाहुल्याच म्हणतात. "बाहुल्या उचल आता, ताटं मांडायचीत" असं. वॉरगेम म्हणजे टेबलावर बाहुल्यांचं सैन्य मांडून फाशांवर लढाई खेळायची, जास्त सांगत बसत नाही कारण समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक रविवारी माझ्याच गच्चीवर येऊन फासे टाकतात, चहा पितात आणि माझे भाले मोडून जातात. बाकीच्या निम्म्यांना चहा मिळणार म्हणून बोलावलंय असं मला कळलंय, तर असो.

चाळीस मिनिटं दिलीत. स्केल, धातू, कपडे, हत्यारं, किती घ्यायचं, कुठनं सुरुवात करायची हे सगळं सांगणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात बसलीय ती सांगून टाकतो, पाच मिनिटात होईल.

तर झालं असं की मी पहिल्यांदा सैन्य घ्यायचं ठरवलं तेव्हा जी चूक सगळे करतात तीच केली. सतरावं शतक म्हणून शोधलं की समोर येतं ते इंग्लंडचं यादवी युद्ध, १६४२ ते ५१, नाहीतर युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध, १६१८ ते ४८. मी घेऊन टाकला एक डबा. प्लास्टिकचे, अठ्ठावीस मिलिमीटर उंचीवाले. त्यात काय, तर बंदूकवाले आणि लांब भालेवाले. त्यांचा भाला सोळा फुटांचा असायचा म्हणजे बाहुलीच्या हातात तो आठ-नऊ सेंटिमीटरचा येतो, बाहुलीच्या तिप्पट. सगळे दाटीनं उभे करायचे, भाल्यांचं कुंपण, त्याच्या बाजूला बंदूकवाले. सुंदर दिसतं हो, खरंच सुंदर दिसतं. मी तीन महिने रंगवत बसलो. आणि मग गच्चीवर मांडल्यावर आमच्यातला एक जण म्हणाला, "काका, हे औशाला कशाला आले?"

कारण मला लढायचं होतं औशाला ना. निजामशाहीचा शेवट, १६३६, औसा आणि उदगीर मुघलांनी घेतले ते. इथनं वीस किलोमीटरवर किल्ला आहे आणि मी त्याच्यापुढं क्रॉमवेलची माणसं उभी केलेली. भाल्यांची ती भिंत दख्खनच्या लढाईत चालतच नाही, इथं सगळा मामला घोड्याचा. घोडेस्वार समोर येणारच नाहीत तर भाला रोवून कुणाची वाट बघायची? निजामशाहीच्या मलिक अंबरनं आयुष्यभर हेच केलं, हलके घोडेस्वार घ्यायचे, शत्रूची रसद तोडायची, दाणापाणी तोडायचं, आणि तो दमला की मग गाठायचा.

दाणापाणी. हा शब्द धरून ठेवा.

मग मी जरा शहाणा झालो आणि वाचायला लागलो. सभासद बखर तुम्ही सगळ्यांनी वाचलीय किंवा वाचली असं सांगता. त्यात शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिलीय. पंचवीस बारगीर, म्हणजे सरकारी घोड्यावरचे स्वार, त्यांच्यावर एक हवालदार. पाच हवालदारांवर एक जुमलेदार. दहा जुमले मिळून एक हजारी. हे सगळ्यांना पाठ असतं, शाळेत प्रश्न येतो. पण त्याच्याच शेजारी एक वाक्य आहे ते कुणाला आठवत नाही, की पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी देणारा आणि नाल ठोकणारा. हे वाचलं आणि मी कपाट उघडून माझ्याकडचे घोडे मोजले. अठ्ठेचाळीस. तोवर मी मुघल आणि दख्खनी दोन्ही घेऊन झालो होतो. पखालजी शून्य. म्हणजे माझे अठ्ठेचाळीस घोडे चार वर्षं तहानलेले उभे होते, आणि मी लातूरचा माणूस!

हसू नका. २०१६ साली याच गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, आपण सगळे ते डबे बघायला स्टेशनवर गेलेलो. घागरी घेऊन रात्री दोनला उठलेले लोक आहेत इथं. आपल्यालाच जर सैन्याबरोबर पाणी कोण नेतं हा प्रश्न पडला नाही तर तो लंडनच्या बाहुल्या बनवणाऱ्याला कशाला पडेल? त्याच्याकडं पाऊस रोजच आहे.

जरा हिशोब करा. घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागतं. पंचवीस घोडे म्हणजे पाऊण-एक हजार लिटर. आपल्या गच्चीवरची काळी टाकी असते ना, ती एक पूर्ण. नदी असली तर ठीक, घोडे उतरवले की झालं. नदी नसली तर? खांद्यावरच्या मशकीनं भागेल का? म्हणून माझं म्हणणं असं की पखालजी दाखवायचा तर नुसता माणूस नको, बैल पाहिजे नाहीतर रेडा, त्याच्या दोन्ही बाजूंना कातड्याच्या पखाली, आणि बाजूला माणूस. आणि पाण्याचं महत्त्व मी घरातलं सांगत नाहीये, नगरजवळची भातवडीची लढाई घ्या, १६२४. मुघल आणि आदिलशाही दोन्ही एकत्र आलेले, आणि मलिक अंबरनं तलावाचा बांध फोडून त्यांच्या छावणीत पाणी सोडलं. शहाजीराजे होते त्या लढाईत, त्यांचे भाऊ शरीफजी तिथंच पडले. म्हणजे पाणी कमी पडूनही सैन्य मरतं आणि जास्त होऊनही मरतं. आता आमच्या टेबलावर तलाव आहे, निळ्या काचेचा, छान आहे, पण पखालजी नाही.

तर शोधायला लागलो. एका परदेशी दुकानात पाणक्या सापडला, लिहिलेलं "भारतीय पाणक्या", चित्र बारीक. मागवला. दीड महिना. पार्सलवर बाहुलीच्या किमतीइतका कर लागला तो वेगळा. उघडून बघतो तर पाठीवर मशक आहे, सगळं बरोबर, पण अंगात बटणांचा कोट! एकोणिसाव्या शतकातला, इंग्रजांच्या पलटणीतला भिस्ती. अडीचशे वर्षं पुढचा माणूस आलेला पाणी घेऊन. आमच्याकडं नळाला पाणी उशिरा येतं ते ठीक आहे, पण एवढं?

मग ब्लेडनं बटणं तासली, कोटाच्या जागी एम-सीलचा अंगरखा चढवला, डोक्याला पागोटं. माणूस झाला. बैल कुठला? पोळ्याच्या आदल्या दिवशी गोलाईच्या बाजारात गेलो. मातीच्या बैलांचे ढीग. मी खिशातनं घोडेस्वार काढून प्रत्येक बैलाशेजारी धरून बघायलो. ती कुंभारीण मावशी बघतीय बघतीय, शेवटी म्हणाली, "दादा, घोड्याला बैल दाखवून काय सोयरीक जमवायलास का?" मी तिला सगळं समजावून सांगितलं, पंचवीस मिलिमीटर उंच पाहिजे, वशिंडापर्यंत. ती म्हणाली एवढा बारीक बैल कोण पुजतंय. पण तिच्या नातीनं खेळायला केलेला एक होता, शिंगं तुटलेला, ओबडधोबड, तो फुकट दिला वर जोडी कर म्हणाली. भाजलेला नव्हता, पहिल्याच प्रायमरला, म्हणजे रंगाच्या आधीच्या हाताला, विरघळला.

आमच्यात म्हण आहे, आजार रेड्याला आणि औषध पखालीला. माझं तसं झालं, रेडाच नाही आणि मी पखाली करत बसलेलो, चांगल्या शिवण दिसणाऱ्या.

हां, मध्येच एक. महालक्ष्म्यांच्या वेळी आईनं माझे सगळे घोडेस्वार आराशीत मांडले, मला न विचारता. छान दिसले. आणि मग प्रत्येकाला हळदीकुंकू. मुघलांना पण. एक हबशी सरदार आहे माझा, मी त्याला मलिक अंबर म्हणतो, त्याच्या कपाळावरचं कुंकू मी नंतर पुसलं नाही, आईनं लावलेलं आहे, असू दे.

तर मागच्या वेळी हे सगळं आमच्या ग्रुपला सांगितलं तर गणिताचे सर उठले, ते बघा तिकडं बसलेत. म्हणाले आपल्या नियमात एक बाहुली म्हणजे पंचवीस माणसं, मग पंचवीस घोडे म्हणजे एकच स्वार, आणि पखालजी येतो एक पंचविसांश. म्हणजे त्याचा फक्त एक पाय मांडायचा का? लोक हसले. मी रात्रभर झोपलो नाही. सकाळी सुचलं, सर, पूर्ण हजारी घ्या. पंचवीस गुणिले पाच गुणिले दहा, साडेबाराशे स्वार, टेबलावर पन्नास बाहुल्या. पखालजी खरे किती, पन्नास, टेबलावर दोन. नालबंद दोन. प्रमाण तेच राहतं, कुणाचा पाय कापायचा नाही. सरांनी मान हलवली होती तेव्हा, आता पण हलवायलेत.

चिठ्ठी आली. "दहा मिनिटे". अहो मी आत्ता सुरू केलं. बरं, पळवतो.

आधी घोडा बघा, मग माणूस. युरोपातले घोडे मोठे असतात, बाहुल्यांत पण. आपला भीमथडीचा घोडा लहान, काटक. दख्खनी स्वाराखाली तो गाडा ओढणारा जाड घोडा दिला की सगळं सैन्य वरातीतलं वाटतं. दोन कंपन्यांचे घोडे मिसळायचे असतील तर एकेक मागवून शेजारी उभे करून बघा, अठ्ठावीस लिहिलेलं असलं तरी कुणाचं सव्वीस निघतं कुणाचं बत्तीस.

"मराठा" लिहिलेलं दिसलं की लगेच घेऊ नका. बरेच मराठे पानिपतच्या काळातले असतात, अठराव्या शतकातले, पागोटी बघितली की कळतं. त्यापेक्षा मुघल घोडेस्वार घ्या, त्यांच्यातले बख्तरवाले सरदारांना ठेवा, साधे जामेवाले, म्हणजे लांब अंगरख्याचे, दोन्ही बाजूंना चालतात. मुघल चित्रांत बघा, जाम्याचे बंद हिंदूचे डावीकडं, मुसलमानाचे उजवीकडं बांधलेले असतात, बारीक ब्रश असेल तर तेवढं फिरवलं की माणूस बदलतो. गणवेश नावाचा प्रकार नाही, त्यामुळं सगळ्यांना एक रंग देऊ नका. बारगीर म्हणजे सरकारी घोडा, शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा स्वतःचं हत्यार. मी शिलेदारांना सगळे वेगवेगळे घोडे देतो आणि बारगिरांच्या खोगिरावर एकच कापड, हा माझा शोध आहे, बखरीत नाही.

बंदुका तोड्याच्या पाहिजेत, पेटत्या वातीनं उडणाऱ्या, संगीन लावलेली दिसली की परत पाठवा. हत्ती एकच घ्या. मला माहितीय तुम्ही तीन घेणार. तोफा पण कमी, मोठी तोफ ओढायला बैल किती लागतात त्याचा विचार करा, आपल्या परंड्याची मुलूख मैदान १६३२ ला विजापूरला नेली तेव्हा चारशे बैल लागले म्हणतात. तेवढे बैल मला कोण देणार, एक मिळंना.

धातूचे जड असतात, भाले वाकतात पण मोडत नाहीत. प्लास्टिकचे स्वस्त, हात बदलता येतात. रेझिनचे, थ्रीडी प्रिंटरवर छापलेले, सुंदर, पण पडला की गेला. जुन्या धातूत शिसं असतं, हात धुवून मग जेवा. आणि स्प्रे प्रायमर मे महिन्यात गच्चीवर दुपारी मारू नका, हवेतच वाळतो, घोडा सगळा रव्याचा लाडू होतो. सकाळी सहाला मारा.

सुरुवात पंचवीस स्वारांनी करा. एकास एक धरून. एक हवालदार, एक नालबंद, एक पखालजी.

हो, संपलंच. तो पखालजी मी आणलाय, रेडा शेवटी सुतारानं सागाचा कोरून दिला. पुढच्या रांगेतनं फिरवा, फक्त माणसाला धरून उचला, पखालींचा रंग सकाळीच दिलाय, अजून ओला आहे.