हलणाऱ्या हृदयाचा माग

फोटो काढताना लहान पोर हललं की फोटो पुसट येतो, मग आपण त्याला दटावतो, गप उभा रहा म्हणून. हृदयाला असं म्हणता येत नाही. म्हणजे म्हटलं आणि त्याने ऐकलं तर पंचाईतच! दिवसाला साधारण १ लाख ठोके, वर श्वासाबरोबर ते सगळंच्या सगळं खालीवर सरकतं ते वेगळं.

मग एमआरआयवाले काय करतात, तर सरळ चीटिंग करतात. ईसीजीमधलं ते उंच टोक असतं ना, आर वेव्ह, ती आली की घड्याळ शून्यावर, आणि प्रत्येक ठोक्यातून चित्राचा थोडा थोडा डेटा गोळा करायचा, पेशंट श्वास रोखून पडलेला, असे आठ-दहा ठोके झाले की सगळे तुकडे जोडून एकच ठोका म्हणून दाखवायचा. स्क्रीनवर तुम्ही जो सुंदर ठोका बघता तो असा जोडलेला असतो, तसा एक ठोका प्रत्यक्षात कधी पडलेलाच नसतो.

यात गृहीत काय धरलंय? की पुढचा ठोका मागच्यासारखाच असणार. पण ज्याचे ठोके अनियमित, म्हणजे ज्याचं हृदय बघायची जास्त गरज, त्याचंच चित्र फिसकटतं. रिअल टाइम एमआरआय आहे त्यावर, म्हणजे ठोके न जोडता थेट चित्र घ्यायचं, पण त्यात बारकावे कमी दिसतात. सीटीची तऱ्हा वेगळी, तिथे आधी गोळी देऊन ठोके ६०च्या आसपास आणतात आणि हृदय जरा निवांत असतं तो क्षण पकडतात.

आता हे सगळं झालं हालचाल टाळण्याचं. मला खरा इंटरेस्ट आहे तो हालचालीतच.

हृदय नुसतं आकसतं-फुगतं असं आपल्याला वाटतं, पण ओला टॉवेल पिळतो ना आपण, डावा कप्पा तसा पिळला जातो, वरचा भाग एकीकडे फिरतो आणि टोक उलटीकडे. शिवाय वरची झडपेची पातळी दर ठोक्याला सेंटिमीटरभर खाली येते, टोक मात्र जवळपास जागच्या जागी. नुसती कप्प्याची बाहेरची रेघ बघून हा पीळ कळत नाही, स्नायूच्या आत खूण पाहिजे. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या झेरहूनींच्या टीमने एमआरआयमध्ये स्नायूवरच काळ्या रेघा उमटवल्या, चुंबकीय रेघा, शाई नाही हं. ठोका पडला की रेघा वाकतात, त्यावरून कुठला भाग किती ओढला गेला ते कळतं. फक्त ठोका संपेपर्यंत त्या विटायला लागतात.

इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, तर खुणा फुकटात मिळतात. जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या आठवतंय? इकोच्या चित्रात स्नायूवर तसेच ठिपके असतात, स्पेकल. टीव्हीच्या मुंग्या वाट्टेल तशा पळतात, हे ठिपके मात्र स्नायूबरोबर सरकतात. मग एक छोटा चौकोन घ्यायचा, पुढच्या फ्रेममध्ये तीच नक्षी कुठे गेली ते शोधायचं, की पुढची फ्रेम, बस एवढंच. घोळ एकच, चित्रात हृदयाचा एक पातळ कापच दिसतो, हृदय पिळलं की ठिपके त्या कापातून बाहेरच निघून जातात आणि कॉम्प्युटर बिनधास्त भलत्याच ठिपक्याच्या मागे लागतो!

तरी उपयोग प्रचंड. लांबीच्या दिशेने स्नायू किती टक्के आखडतो तो स्ट्रेन, निरोगी माणसात उणे २०च्या आसपास (लांबी कमी होते म्हणून उणे). काही केमोची औषधं हृदयाला त्रास देतात, त्यात ईएफ, म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं तो आकडा, अजून नॉर्मल दिसत असताना स्ट्रेन घसरायला लागलेला असतो.

सर्जरीत मात्र मामला कठीण. धडधडत्या हृदयावर बायपास करताना सर्जन स्टॅबिलायझर लावून तेवढीच जागा दाबून धरतात. पण आतल्या झडपेला कोण धरणार? तिथे कल्पना अशी की रोबोटची सुई झडपेबरोबरच हलवायची. आता समजा इकोचं चित्र येऊन हिशोब होईपर्यंत सेकंदाचा दहावा भाग गेला, मिनिटाला ७५ ठोके असतील तर तेवढ्यात ठोक्याचा आठवा हिस्सा संपला, झडप तिथे नाहीच! म्हणून मागच्या ठोक्यांवरून पुढची जागा आधीच ओळखावी लागते.

म्हणजे फिरून तेच गृहीत, पुढचा ठोका मागच्यासारखा. एमआरआयमध्ये ते चुकलं तर चित्र पुसट येतं, इथे सुई आत आहे. म्हणून मला विचाराल तर अंदाज बांधणारा कोड नंतर लिहा, मध्येच एखादा जादा ठोका आला तर तो ओळखणारा आधी, आणि तो दिसला रे दिसला की सुई मागे.